रोजा, लिंबू आणि मिठाचा अंदाज

रमजानमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईची एक अडचण असते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि संध्याकाळी घरच्या सगळ्यांसाठी रांधायचं. भुकेचं एवढं काही नाही. तिसऱ्या-चौथ्या रोजापर्यंत शरीराला सवय होते. अडचण असते मिठाची. रस्सा उकळतोय, वास दरवळतोय, पण चव घेता येत नाही. मीठ कमी पडलं तर ताटात वरून घेता येतं. जास्त झालं तर दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसांपुढे खारट रस्सा ठेवावा लागतो.

धर्मात याला वाट आहे. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव पाहावी, गिळू नये, थुंकून टाकावं. एवढ्यानं रोजा मोडत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. पण बऱ्याच बायका ही सवलत घेत नाहीत. न जाणो, एखादा थेंब घशाखाली गेला तर? त्यापेक्षा नाक आणि डोळे यांच्यावर भिस्त ठेवायची. तेल कडेला सुटलं का, कांद्याचा उग्र वास गेला का, रश्श्याचा रंग कसा आलाय. आणि मीठ? ते मुठीच्या अंदाजानं.

मिरजेतल्या एका घरात हा अंदाज पन्नास वर्षं अम्मींच्या हातात होता. अम्मी म्हणजे घरातली सासू. वय सत्तरीला टेकलेलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून एकही रमजान चुकला नाही आणि रोजा असताना एकदाही भाजी चाखली नाही, असं त्या सांगतात. सून एका शाळेत शिकवते. लग्नानंतरच्या पहिल्या रमजानमध्ये तिनं विचारलं होतं, ‘अम्मी, मीठ किती घालू?’ अम्मी म्हणाल्या होत्या, ‘हाताला कळतं.’ सुनेच्या हाताला ते कळायला सात-आठ वर्षं लागली.

यंदा अम्मींचे रोजे नाहीत. साखर वाढली, इन्सुलिन सुरू झालं आणि डॉक्टरांनी रमजानच्या आधीच बजावलं, की यंदा उपाशी राहायचं नाही. आजारी माणसाला रोजाची सक्ती नाही, हे कुराणात स्पष्ट सांगितलं आहे. आजार कायमचा असेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरजू माणसाला जेवू घालायचं, त्याला फिदिया म्हणतात. अम्मींनी महिना लागण्यापूर्वीच तीस दिवसांचा हिशेब करून एका घरी धान्य, डाळ, तेल पोचतं केलं. हिशेब चुकता झाला, मन काही मानेना. घरातला बारा वर्षांचा नातू रोजा धरतो आणि दादी दुपारी जेवते, हे त्यांना लाजिरवाणं वाटायचं. एक वाजता त्या आतल्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या. ताट, वाटी स्वतः विसळून जागेवर ठेवायच्या. घरातलं कुणी त्याबद्दल काही बोलत नसे. न बोलणं हाच अदब, असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

अशा घरात पुण्याहून सुट्टीला आलेल्या नातीनं एक पुस्तक आणलं. रद्दीच्या दुकानात मिळालेलं, कडा पिवळ्या पडलेलं, इंग्रजी. पॉला वोल्फर्ट या अमेरिकन बाईंनी मोरोक्कोच्या स्वयंपाकावर लिहिलेलं हे पुस्तक १९७३ सालचं आहे. नावात कुसकुस आहे, पण आत बरंच काही आहे. चिकन, लिंबू आणि जैतून, म्हणजे ऑलिव्ह, यांच्या एकाहून अधिक कृती आहेत. नातीनं त्यातली एक धरली. रमजान, मोरोक्को, जैतून. तिच्या मते सगळं जुळत होतं. जैतूनचं नाव कुराणात आहे, तेव्हा अम्मींचीही हरकत नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पुस्तकात बघून सालन होतं का?’

प्रश्न तसा रास्त आहे. मोरोक्कोतल्या बायकाही हाताच्या अंदाजानंच रांधतात. वोल्फर्टबाईंनी ते अंदाज मापात उतरवले. आपल्याकडेही त्याच सुमारास, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं महाराष्ट्रातल्या कितीतरी मुली स्वयंपाक शिकल्या. हातातला अंदाज हात असेतोवर. वोल्फर्टबाईंना पुढे २०१३ साली विस्मृतीच्या आजाराचं निदान झालं. त्यांनी टिपून ठेवलेली मापं तोवर हजारो घरांत पोचली होती. शिवाय रोजा धरून रांधणाऱ्या बाईला तर मापाचा केवढा आधार! चाखायचीच गरज नाही. चमचा भरायचा, सपाट करायचा, घालायचा. सुनेला हे पटलं.

पहिला प्रयोग पहिल्या रविवारी झाला आणि फसला.

मसाले सगळे घरातलेच निघाले. सुंठ, हळद, जिरे, मिरी, केशराच्या चार काड्या, लाल तिखट. त्यांच्याकडचं लाल तिखट गोडसर असतं, म्हणून इथे रंगाची मिरची घेतली. चिकनमध्ये सुंठ घालायची म्हटल्यावर अम्मींच्या भुवया वर गेल्या. सुंठ बाळंतिणीची, नाहीतर खोकल्याची. कांदा चिरायचा नाही, किसायचा. पार्सली मिळाली नाही, तिच्या जागी कोथिंबीर दुप्पट. ऑलिव्हची बाटली मोठ्या दुकानातून आली, किंमत पाहून सुनेनं ती दोनदा खाली ठेवली आणि तिसऱ्यांदा उचलली. चिकनवाल्यानं नेहमीप्रमाणे साल काढून छोटे तुकडे करायला सुरी उचलली होती, त्याला थांबवून मोठे आठ तुकडे करून घेतले.

अडलं ते लिंबापाशी. पुस्तकात ताजं लिंबू नाही, मिठात मुरवलेलं लिंबू सांगितलं आहे. भरल्या वांग्याला देतो तशा चार चिरा लिंबाला द्यायच्या, बुडाशी जोडलेलं ठेवायचं, आत मीठ भरायचं, बरणीत दाबून बसवायचं, वर लिंबाचाच रस. तीस दिवस ठेवायचं, रोज बरणी हलवायची. तीस दिवस कुणाला होते? नात म्हणाली, लिंबू ते लिंबू. तीन ताजी कागदी लिंबं सालीसकट चकत्या करून रश्श्यात गेली.

पातेल्यावर झाकण पडलं आणि अर्ध्या तासात घरभर असा वास सुटला, की मुलगा अभ्यास सोडून दोनदा स्वयंपाकघरात आला. रंग केशरी-पिवळा, तेल कडेला सुटलेलं. नाक म्हणालं उत्तम, डोळे म्हणाले उत्तम. साडेसहाच्या सुमारास अजान झाली, खजूर-पाण्यानं रोजा सुटला, मगरिबची नमाज झाली आणि ताटं वाढली. पहिला घास घेतल्यावर कुणी काही बोललं नाही. घरधनी म्हणाले, ‘वेगळं आहे.’ नातू म्हणाला, ‘दादीच्या गोळीसारखं लागतंय.’

कडू झालं होतं. लिंबाचा सुगंध सालीच्या पिवळ्या-हिरव्या भागातल्या तेलात असतो आणि कडवटपणा त्याखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात, शिवाय बियांत. चकत्या अर्धा तास शिजल्या, की तो कडवटपणा रश्श्यात उतरतो. खाणारा पहिल्याच घासाला ओळखतो, वासाला मात्र त्याचा पत्ता लागत नाही. रोजा धरणाऱ्या बाईची सगळी भिस्त ज्याच्यावर, ते नाक इथे उपयोगाचं नव्हतं.

अम्मींनी चकत्या ताटाच्या कडेला सारल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘साल फार वेळ शिजली.’ त्या दुपारभर घरातच होत्या. पाच वाजता एक चमचा त्यांच्या हातात दिला असता, तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. सुनेच्या ते मनात आलं नव्हतं असं नाही. पण चमचा पुढे करणं म्हणजे ‘तुमचा रोजा नाही ना’ असं तोंडावर म्हणणं. अम्मींनाही स्वयंपाकघरात येऊन ‘दे, मी बघते’ म्हणवलं नाही, त्याचंही कारण तेच. दोघीही आपापल्या जागी गप्प राहिल्या आणि एक अख्खी कोंबडी वाया गेली. खाल्ली सगळ्यांनी, टाकली नाही. पण वाया गेलीच म्हणायची.

मिठात लिंबू मुरवण्याचं कारण त्या कडवटपणात आहे. मीठ आणि लिंबाचा स्वतःचा रस मिळून सालीला आठवड्यांमागून आठवडे मऊ करतात, पांढऱ्या भागाचा कडूपणा मवाळ होतो आणि सुगंध जागच्या जागी राहतो. मग गर काढून टाकायचा, साल धुऊन तेवढीच वापरायची. ही युक्ती फार जुनी. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये सुलतान सलाहुद्दीनच्या पदरी इब्न जुमय नावाचा यहुदी वैद्य होता. त्यानं लिंबावर एक पुस्तिकाच लिहिली आणि तीत चिरा देऊन मिठात लिंबू मुरवण्याची रीत दिली आहे. लिंबू अरबांकडे गेलं तेही पूर्वेकडूनच. आपलं निंबू फारसीत लीमू झालं, अरबीत लैमून, आणि तिथून युरोपात लेमन. मोरोक्कोत मुरवायला जे लिंबू उत्तम समजतात, त्याचं नाव दोक्क. लहान आणि पातळ सालीचं. म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जवळचं. कागदासारखी साल म्हणून तर ते कागदी.

हे सगळं नात जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवत होती, तेव्हा अम्मी म्हणाल्या, ‘हे तर काकूंच्या बरणीत आहे.’

काकू म्हणजे शेजारच्या. भिंतीला भिंत लागून घर, चाळीस वर्षांचा शेजार. पूर्ण शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांच्याकडे लिंबाची दोन प्रकारची लोणची असतात. एक उपवासाचं, साखर-जिरे घातलेलं. दुसरं नुसत्या मिठातलं, जुनं, काळपट तपकिरी झालेलं. हे रोजच्या खाण्यासाठी नाही. ताप येऊन गेला, तोंडाची चव गेली, मळमळतंय, की मऊ भाताबरोबर त्याची एक फोड. अम्मींच्या आजारपणात ते या घरीही येऊन गेलं होतं. त्यात हिंग नाही, तेल नाही, मोहरी नाही. पुस्तकात सांगितलं होतं ते हेच, फक्त तीस दिवसांच्या जागी चार वर्षं मुरलेलं.

मागायला कोण जाणार, यावर थोडा वेळ गेला. चिकनसाठी मागायचं कसं? सून म्हणाली, कशासाठी ते सांगायला नको. अम्मी म्हणाल्या, सांगूनच मागायचं. त्या स्वतः गेल्या आणि सांगून मागितलं. काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा वर केला. म्हणाल्या, ‘भाभी, तुम्ही कशात घालता ते तुमच्या घरात. चमचा मात्र मी घालणार बरणीत. ओला हात लागला, की गेली माझी बरणी.’ हा नियम सगळ्यांना सारखा आहे. काकूंच्या स्वतःच्या सुनेलाही त्या बरणीला हात लावता येत नाही. वाटीत तीन लिंबं आली.

दुसरा प्रयोग त्यानंतरच्या रविवारी.

या वेळी सुनेनं कोंबडीला आदल्या रात्रीच लसूण-मीठ चोळून, धुऊन मसाला लावून ठेवला. सव्वा किलोच्या कोंबडीला एक चमचा सुंठ, एक चमचा रंगाची मिरचीपूड, पाव चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मिरी, पाव चमचा हळद, केशर, तीन मोठे चमचे तेल. सकाळी सहेरी करून, नमाज पढून ती थोडी झोपली. चारला पातेलं चढवलं: तीन किसलेले कांदे, मूठभर कोथिंबीर, दीड वाटी पाणी. पुस्तकात तासभर शिजवायला सांगितलं आहे, मांस हाडापासून सुटेस्तोवर. ब्रॉयलर कोंबडी तेवढा वेळ धरत नाही, चिंध्या होतात. पस्तीस मिनिटांनी तिनं तुकडे बाहेर काढून ठेवले आणि रस्सा आटायला लावला. हे बाहेर काढून ठेवणं पुस्तकातलंच आणि शहाणपणाचं. रस्सा दाट होतो, मांस फुटत नाही.

मग काकूंची लिंबं. गर काढला, साली पाण्याखाली धरल्या, लांब पट्ट्या कापल्या. त्यांच्याबरोबर वीसेक ऑलिव्ह. ती बाटलीही मिठाच्या पाण्यातली. म्हणजे कोंबडीला आधी चोळलेलं मीठ, ऑलिव्हचं मीठ आणि चार वर्षांच्या लिंबाचं मीठ, अशी तीन मिठं एका पातेल्यात. पुस्तकातलं माप तीस दिवसांच्या लिंबाचं. चार वर्षांचं लिंबू किती खारट, हे अमेरिकेतल्या बाईंना कसं ठाऊक असणार? आणि अम्मींचा मुठीचा अंदाज सुनेच्या हातात आला होता तो कालवणाचा, या असल्या सालनाचा नव्हे. माप संपलं, अंदाजही संपला. आता जीभच हवी होती.

पावणेसहा झाले होते. सुनेनं रश्श्याचा एक चमचा वाटीत काढला, फुंकर घालून निववला आणि वाटी घेऊन ती आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, ‘अम्मी, जरा बघता का? मला कळेना.’

नातू तिथेच पलंगावर बसला होता. अम्मींनी त्याच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग बिस्मिल्ला म्हणून वाटी ओठाला लावली. थोडा वेळ तोंडातच ठेवली.

‘मीठ बास. वरून चिमूटही घालू नकोस. सालीचा सुगंध आहे, पण आंबटपणा कुठाय? अर्धं ताजं लिंबू पिळ, आच बंद केल्यावर. आधी पिळलंस तर मजा जाईल. आणि कांदा अजून कच्चा लागतोय.’

सून वळली, तशा अम्मीही उठून मागोमाग आल्या. आच स्वतः कमी केली. सहा-सात मिनिटांनी दुसरा चमचा चाखला, मग तिसरा. चौथ्याला सून म्हणाली, ‘अम्मी, जेवायला राहू द्या थोडं.’ त्यावर त्या हसल्या. ऑलिव्ह चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं. जैतूनचा मान राखून एवढंच म्हणाल्या, की हे नंतर घातलं तर बरं. ते नंतर घातले गेले. तुकडे रश्श्यात परत सोडले, झाकण घातलं, आच बंद केली, लिंबू पिळलं. तोवर मशिदीचा भोंगा खरखरला आणि मुलं खजुराच्या ताटलीभोवती जमली.

चिकन चांगलं झालं. अप्रतिम वगैरे म्हणण्यासारखं नाही; घरधन्यांना आपलं खोबऱ्या-मसाल्याचं सालनच अधिक आवडतं आणि तसं त्यांनी सांगितलं. पण भाकरीबरोबर रस्सा पुसून गेला. चपातीपेक्षा त्या रश्श्याला ज्वारीची भाकरी चांगली, हा शोध नातीचा. नातवानं लिंबाच्या पट्ट्या शोधून शोधून खाल्ल्या. जुन्या मुरलेल्या लिंबाची चव नव्या माणसाला सांगणं अवघड आहे: खारट, किंचित कडवट, आणि मागून येणारा सुगंध, जो ताज्या लिंबात असूनही असा कधी लागत नाही. ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांनी एवढं करावं, की लिंबाची साल शेवटच्या दहा मिनिटांतच घालावी आणि ती पडेपर्यंत रश्श्यात वेगळं मीठ घालू नये.

काकूंची वाटी रिकामी परत जाणार नव्हतीच. धुऊन, कोरडी पुसून तीत खजूर भरून ती गेली. काकूंनी दारातच विचारलं, ‘जमलं का?’ आणि उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाल्या, की चैत्रात लिंबं महाग होतात, बरणी घालायची तर आत्ताच घाला. त्यांचं म्हणणं खरं आहे. उन्हाळ्यात येणारा हस्त बहार धरणं शेतकऱ्याला कठीण, फळ कमी येतं आणि मागणी तेव्हाच सर्वांत जास्त. २०२२ चा रमजान एप्रिलमध्ये आला होता आणि त्याच दिवसांत एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना विकलं गेलं. कित्येक घरांत इफ्तारचं सरबत त्या वर्षी लिंबाशिवाय झालं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून सध्या तो लिंबांच्या स्वस्ताईत येतोय, एवढंच.

दोन डझन कागदी लिंबं आली. चिरा अम्मींनी दिल्या, मीठ नातीनं भरलं. किती मीठ, ते पुस्तकात पाहायचं ठरलं होतं, पण पुस्तक उघडेपर्यंत अम्मींची मूठ बरणीत रिकामी झाली होती. बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख घातली. तीस दिवस म्हणजे ईद होऊन गेल्यावरच ती उघडणार.

दुपारी एक वाजता अम्मी अजूनही आतल्या खोलीत जाऊन जेवतात, दार लोटून. असरच्या नमाजनंतर मात्र त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर येऊन बसतात. आधी बरणी हलवतात, उलटी करतात, पुन्हा सरळ ठेवतात. मग त्या दिवशी गॅसवर जे काही असेल, त्याची वाटी त्यांच्यापुढे येते. परवा ती यायला उशीर झाला, तर नातू आतून ओरडला, ‘अम्मी, दादीला चाखायला दिलं का?’